वीस हात दोरा

"निघालेल्या कोडूला परत फिरवू नये गं. निघालेला माणूस पोहोचतोच."

गुणपाल मामा असं म्हणाले, तेव्हा दुल्मिनी हसली होती.

ते हसू तिला आजही आठवतं. मला सांगतानाही ती तिथे अडली.

दुल्मिनी माझी धाकटी जाऊ. तिने जे सांगितलं तेच लिहितेय. गुणपाल मामा आणि तिच्या शेजारच्या सीलावती अक्का यांच्याकडून मी स्वतः जे ऐकलं, ते त्यात जोडलंय. पदरचं काहीही घातलेलं नाही. कोणाला खोटं वाटलं तर वाटो. हे खोटं निघालं असतं तर मला स्वतःलाच बरं वाटलं असतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवम महिन्याच्या पौर्णिमेची आदली रात्र. जागा, श्रीपादाचा डोंगर, माथ्यावर पवित्र पाऊलखूण असलेला.

आमच्याकडे श्रीपाद पहिल्यांदा चढणाऱ्याला कोडू म्हणतात. मग तो सात वर्षांचा असो की सत्तरचा. कोडूने डोक्याला पांढरं फडकं गुंडाळायचं, सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि जुन्या लोकांची थट्टा मुकाट ऐकायची. वर पोहोचल्यावर घंटा वाजवायची. जितक्यांदा चढलात तितके ठोके. कोडूचा एकच.

दुल्मिनी कोडू होती.

आणि तिची अम्माही.

अम्मा म्हणजे हीन मेणिके. वय एकसष्ट. केगल्लजवळच्या गावात ती शाळेचे गणवेश शिवायची. दरवर्षी म्हणायची, यंदा श्रीपादाला जाणार. एका वर्षी नवरा आजारी. एका वर्षी दुल्मिनीची परीक्षा. मग तिचं बाळंतपण. नात सनुदी सातव्या महिन्यातच जन्मली, काचेच्या पेटीत होती. तेव्हा दुल्मिनीने नवस बोलला, पोर जगली तर श्रीपादाला येईन. पोर जगली. नवस चार वर्षं राहून गेला.

त्या वर्षी मात्र ठरलं. गावातली बावीस माणसं, म्होरके गुणपाल मामा. ते एकतीस वेळा चढलेले. दुल्मिनी, तिचा नवरा जनक आणि अम्मा. सनुदीला मावशीकडे ठेवायचं.

अम्माने आठ दिवस आधी मासळी सोडली. पांढरी साडी धुऊन, नीळ घालून ठेवली. सुई ओवली. डोंगरावर एक जागा आहे, तिथे प्रत्येक जण सुई टोचतो आणि तिचा दोरा सोडत सोडत वर चढतो. बाकीचे तिथल्या टपरीवरून दोऱ्याचा गुंडा विकत घेतात. अम्माने स्वतःच्या मशीनवरचं नवं रीळ काढलं आणि हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलं. पिवळसर दोरा झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सनुदीला ताप आला.

शंभर. फक्त शंभर.

पण दुल्मिनीचं तुम्हाला माहीत नाही. ती पोरीच्या शिंका मोजते. तापलेल्या पोरीला मावशीकडे सोडायला ती तयार होईना.

"मी राहतो," जनक म्हणाला. "मी अकरा वेळा जाऊन आलोय. तू नि अम्मा जा."

"तुला थर्मामीटर तरी वाचता येतो का?"

"पोरीच्या कपाळाला हात लावला की कळतं मला."

"हो. मागच्या वेळी एकशे दोन होता, तेव्हा तू म्हणालास, उन्हात खेळली असेल."

अम्मा दारात बसून साडीची घडी घालत होती. दुल्मिनीने तिच्याकडे पाहिलं. तोंडाने काही मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती.

"मी राहते," अम्मा म्हणाली. "माझं काय, मी सदाचीच कोडू."

"पुढच्या वर्षी नक्की, अम्मा. पहिली तुलाच नेऊ."

"बरं."

तेवढ्यात गुणपाल मामा नावांची यादी घेऊन आले. अम्मा येत नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं. नाव खोडलं नाही.

"आठ दिवस मासळी सोडली. न्हाली. सुई ओवली. म्हणजे ती निघाली," ते म्हणाले. आणि मग ते वाक्य बोलले.

दुल्मिनी हसली. "मामा, तिकीट रद्द केल्यासारखं नाही का करता येत?"

"करता येतं की. पण तिकडे खिडकी नाहीये."

सगळे हसले. अम्मापण.

सकाळी निघताना अम्माने एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुईसकट दोरा गुंडाळून दिला. वीस हात, मोजून. दातांनी तोडला.

"अम्मा, एवढ्याने काय होतं? वीस पायऱ्या नाही पुरणार."

"लागला तर माझ्याकडे आहे," अम्मा म्हणाली आणि उरलेलं रीळ मुठीत धरून दाखवलं. "मी हे धरून बसते. तेवढंच माझं चढणं."

तो विनोद होता. तेव्हा तरी तसंच वाटलं.

पायथ्याशी पोहोचायला संध्याकाळ झाली. साडेसहाला दुल्मिनीने फोन लावला.

"ताप किती?"

"उतरलाय. अठ्ठ्याण्णव."

"कधी बघितलास? झोपेत घाम आला का? काढा दिलास?"

"दिला. धने-आलं घालून. गोड कर म्हणून रडली, गूळ घातला."

"रात्री परत बघ हं. बारा वाजता. आणि तीनला. कपाळावर ओलं फडकं ठेव."

"ठेवते. मला जरा छातीत जळजळतंय. दुपारचा फणस बाधला वाटतं."

"लिंबूपाणी घे. आणि पंखा सनुदीवर सरळ नको लावूस."

"नाही लावत."

"ठेवते."

एवढंच. दुल्मिनी हे बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवते. आपण काय विचारलं ते. आणि काय विचारलं नाही ते.

आठ वाजून दहा मिनिटांनी, निघण्याआधी, तिने पुन्हा फोन लावला.

रिंग वाजत राहिली...

कोणी उचलला नाही.

"झोपल्या असतील दोघी," जनक म्हणाला. "आता पुन्हा लावून पोरीला उठवू नकोस."

खरं होतं. तिने फोन पिशवीत टाकला.

चढण सुरू झाली. रांगेत दिवे लागलेले, वर थेट आभाळात घुसलेले. माणसांची गर्दी. उतरणारे चढणाऱ्यांना आशीर्वाद देत होते, चढणारे तो गात परत करत होते. थंड ओढ्याच्या पाण्यात सगळ्यांनी तोंड धुतलं. गुणपाल मामांनी कोडूंना पुढे घेतलं आणि डोक्यांवरून बोट फिरवत मोजलं.

"सहा. बरोबर. हरवायचं नाही हं, पोरांनो."

त्या पोरांत एक आजोबा अडुसष्टचे होते.

"मामा, अजून किती राहिलं?" दुल्मिनीने विचारलं.

मागून सगळे ओरडले. "वाढला, वाढला, डोंगर वाढला."

"असं विचारायचं नसतं गं," मामा म्हणाले. "किती राहिलं म्हटलं की तो हजार पायऱ्या वाढवतो. चालत राहायचं."

अकराच्या सुमारास ती सुईची जागा आली. कठड्याला, खांबांना, झुडपांना नुसता दोराच दोरा. कोळ्याच्या जाळ्यासारखा. दुल्मिनीने अम्माची सुई टोचली. मनात म्हणाली, हा आम्हा दोघींचा.

पुठ्ठा हातात धरून ती चढू लागली. दोरा सुटत राहिला.

वीस पायऱ्या.

पन्नास.

गर्दी होती, पाय दुखत होते, तिचं लक्ष नव्हतं. मनात एकच चाललेलं, बारा वाजले, अम्माने ताप बघितला असेल ना...

मग तिला आवाज आला.

कट्...

कट्...

अम्माचा उजवा गुडघा वाजायचा. मशीन पायाने चालवून चालवून झिजलेला. घरात जिना चढताना पायरीगणिक वाजायचा. सनुदी आजीला आच्ची म्हणायची; म्हणायची, आच्चीच्या पायात पाल आहे.

दुल्मिनीने मागे पाहिलं. मागे मटारा गावची दोन जाडजूड माणसं, एक बाई, बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल. कोणाचाही गुडघा असेल. चढावर सगळ्यांचेच वाजतात.

ती पुढे निघाली.

कट्...

तिच्याच चालीने. ती थांबली की थांबायचा.

दोनच्या सुमारास शेवटचा उभा चढ लागला. तिथे लोखंडी कठडा धरून एकेक पायरी घ्यावी लागते. वारा एवढा, की बोललेलं ऐकू येत नाही. मामांनी सगळ्यांना बाजूला घेऊन पुन्हा कोडू मोजले.

"...पाच, सहा, सात."

थांबले. पुन्हा बोट फिरवलं.

"सात."

"मामा, चष्मा घाला," जनक म्हणाला.

"नाहीतर एखादा दुसऱ्यांचा कोडू घुसला असेल. फुकटचा चहा मिळेल म्हणून," ते अडुसष्टचे आजोबा म्हणाले.

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी दुल्मिनीच्या मागे पाहिलं, जरा खाली, जिथे बुटक्या माणसाचं डोकं येईल तिथे. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "चला. सावकाश चला. घाई करू नका, काही जणांना दम लागतो."

त्यानंतर त्यांनी मोजलं नाही.

आणि तेव्हाच दुल्मिनीने हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं...

दोरा संपला नव्हता.

वीस हात दोरा. तो वीस पायऱ्यांतच संपायला हवा होता. हजाराहून जास्त पायऱ्या झाल्या होत्या. पुठ्ठ्यावर अजून चार-पाच फेरे. पिवळसर. ती चढत होती, फेरे सुटत होते... आणि तेवढेच राहत होते.

तिने जनकला दाखवायला हात पुढे केला.

दोरा खालून ओढला गेला.

हलकेच. दोनदा.

मी वर म्हटलं ना, अम्मा शिवायची. दुल्मिनीला तिनेच शिकवलं होतं. टाका घातला की दोनदा ओढून बघायचं. दोनदा ओढून सुटली नाही, तर शिवण तुझी.

"काय गं?" जनकने विचारलं.

"काही नाही."

तिला भीती वाटली नाही, असं ती सांगते. मला हे सगळ्यात विचित्र वाटतं. तिला वाटलं, अम्मा जागी आहे. रीळ हातात धरून बसलीये. म्हणजे सनुदी ठीक आहे.

तेव्हासुद्धा सनुदीच.

पहाटे पाचला सगळे माथ्यावर पोहोचले. बोचरी थंडी. माणसं एकमेकांना चिकटून पूर्वेकडे तोंड करून बसलेली. गुडघ्याचा आवाज थांबला होता. दुल्मिनीच्या शेजारी कठड्याला टेकून एका माणसाची जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत तिथे कोणी बसत नव्हतं. एक बाई बसायला आली, आणि "माफ करा, कोणी आहे वाटतं," म्हणून पुढे गेली.

सूर्य उगवला. डोंगराची सावली पलीकडे धुक्यावर पडली, त्रिकोणी, कोरल्यासारखी. कोणीतरी रडत होतं. दुल्मिनीला वाटलं, आपणच.

मग घंटेची रांग.

मामांनी एकतीस अधिक एक, बत्तीस ठोके दिले. जनकने बारा. मग कोडू. आजोबांनी एक ठोका दिला आणि लहान मुलासारखे हसले.

दुल्मिनीने दोरी धरली. सनुदीचं नाव घेतलं. ओढली.

टण्ण.

तो आवाज विरेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली. दोरी अजून हातातच होती. सैल.

आणि घंटा पुन्हा वाजली...

हळू. लाजल्यासारखी. पहिल्यांदा वाजवणाऱ्याने वाजवावी तशी.

मागून एक जाडी बाई म्हणाली, "काय गं अक्का, डोक्याला कोडूचं फडकं आणि ठोके दोन? देवाला फसवतेस की काय?"

रांगेत हशा पिकला.

गुणपाल मामांनी डोक्यावरची टोपी काढली. थंडीत त्यांचं टक्कल उघडं पडलं. ते म्हणाले, "दोनच बरोबर आहेत."

दुल्मिनीने हातातला पुठ्ठा पाहिला.

कोरा होता. दोऱ्याचं टोकही नव्हतं.

पिशवीत फोन वाजू लागला. शेजारच्या सीलावती अक्कांचा.

पौर्णिमेच्या सकाळी देवळात जायला म्हणून सीलावती अक्का अम्माला हाक मारायला आल्या होत्या. सहा वाजून गेले होते. दार उघडं. अम्मा दाराशी खुर्चीत बसलेली. नीळ घातलेली पांढरी साडी नेसून. त्यांना वाटलं, तयारच बसलीये. म्हणाल्या, "उठ बाई, फुलं आणलीत."

खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. काल रात्रीच, आठच्या सुमारास. त्यांना त्यात काही शंका नव्हती. अंग पार ताठलं होतं, मूठ उघडेना. दोघांनी मिळून उघडली, तेव्हा आत रीळ निघालं.

रिकामं. नुसतं लाकूड.

आदल्या सकाळी ते भरलेलं होतं. सीलावती अक्कांनी घर झाडलं, अंगण झाडलं, पलंगाखाली पाहिलं. दोरा कुठेही नव्हता. वीतभरसुद्धा नाही.

आणि सनुदी?

सनुदी चटईवर झोपली होती. अंग गार. ताप नाही. कपाळावर फडकं होतं.

सीलावती अक्कांनी ते उचललं. मला त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा स्वतःचे हात साडीला पुसले...

फडकं ओलं होतं. नुकतंच पिळून ठेवल्यासारखं.

पोर उठल्यावर त्यांनी विचारलं, "रात्री आच्ची काय करत होती गं?"

"मोजत होती," सनुदी म्हणाली.

"काय मोजत होती?"

"पायऱ्या. वीस झाल्या की परत एक. मला जाग आली की फडकं बदलायची. परत मोजायची."

"मग?"

"मग म्हणाली, आता तुझी अम्मा घंटा वाजवेल. मग मी जाते."

डोंगर उतरायला नेहमी चार तास लागतात. दुल्मिनी दोन तासांत उतरली. दोन्ही पायांची नखं गेली. खाली येताना ती त्या सुईच्या जागी थांबली. हजारो दोऱ्यांत एक पिवळसर दोरा तिला लगेच दिसला. वरपर्यंत गेलेला. कुठेही जोड नाही, गाठ नाही. तिने तो बोटांत धरला आणि वाट पाहिली.

काही झालं नाही.

तिने स्वतः ओढला. दोनदा. बराच वेळ थांबली. जनकने तिला उचलून नेलं.

हे सगळं का झालं, मला सांगता येणार नाही. मामांना विचारलं की ते विषय बदलतात. एवढंच म्हणाले, "मी तिचं नाव खोडलं नव्हतं."

दुल्मिनी त्यानंतर श्रीपादाला गेलेली नाही. म्हणते, पुन्हा गेले तर किती ठोके देऊ? माझे दोन, की तिचे धरून चार? तो कोरा पुठ्ठा तिने मशीनच्या खणात ठेवलाय. कधी कधी दुपारी, घरात कोणी नसताना, ती खण उघडते. मी एकदा विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "दोरा आलाय का ते."

हे लिहून ठेव, असं तिनेच मला सांगितलं. आणि शेवटी काय लिहायचं तेही.

माझं पोर आज माझ्या आईकडे आहे. हे लिहिताना मी दोनदा उठून फोन केला. दोन्ही वेळा ओठांवर आलं, जेवला का, झोपला का... आणि दोन्ही वेळा मी ते गिळलं.

तुमचंही पोर कोणाकडे तरी असेल. आईकडे, सासूकडे, शेजारच्या काकूंकडे. आत्ता त्यांना फोन लावा. पोराचं विचारू नका.

त्यांना विचारा, तू कशी आहेस.

जळजळतंय म्हणाली तर लिंबूपाणी सांगू नका. आणि फोन उचलला नाही, तर झोपली असेल असं समजू नका.

कोणाला तरी दारापर्यंत पाठवा.